मुख्यार्थबाध आणि बायबल : यहोशवाच्या सूर्यापासून पौलाच्या दासापर्यंत

बायबलमधील वचनांचा अर्थ अक्षरशः घ्यावयाचा की लाक्षणिक, हा वाद आपल्याकडील सुशिक्षित वाचकापर्यंत पोहोचतो तो बहुधा एका ठराविक साच्यात. अक्षरार्थाला चिकटून राहणारे ते सनातनी आणि विज्ञानाचे वैरी. लाक्षणिक अर्थ स्वीकारणारे ते उदार आणि विवेकी, असा तो साचा आहे. ख्रिस्ती भाष्यपरंपरेतील प्रमुख ग्रंथ क्रमाने वाचू लागले म्हणजे मात्र हा साचा फार काळ टिकत नाही. अक्षरार्थावर ग्रंथ लिहिणारा भाष्यकार सृष्टीचे सहा दिवस हे आपल्या ओळखीचे दिवसच नव्हेत असे सांगताना आढळतो. लाक्षणिक अर्थाचा पुरस्कर्ता प्रसंगी आपल्या प्रतिपक्षापेक्षाही अधिक अक्षरनिष्ठ होतो. आणि ज्या वाचनाने माणसे बेड्यांत राहिली ते वाचन व्याकरणदृष्ट्या पुष्कळसे निर्दोष असू शकते. या वादाचा समग्र इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मुख्य अर्थ सोडून द्यावयाचा तो कोणत्या कारणासाठी, आणि ते कारण ग्राह्य की अग्राह्य हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, एवढ्या एकाच प्रश्नाच्या अंगाने काही प्रसिद्ध स्थळांची तपासणी येथे करावयाची आहे.

हा प्रश्न मांडण्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या काव्यशास्त्रात व व्याकरणशास्त्रात तयार आहे, आणि ती वापरण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. शब्दाची अभिधाशक्ती जो अर्थ देते तो मुख्यार्थ. तो अडला, म्हणजेच मुख्यार्थबाध झाला, तरच लक्षणेला वाव मिळतो. 'गंगेवर गवळीवाडा आहे' या वाक्यात प्रवाहावर वस्ती असणे शक्य नाही, म्हणून गंगेचा काठ असा अर्थ घ्यावा लागतो. येथे अन्वयच जुळत नाही. परंतु 'कावळ्यांपासून दही राख' या वाक्यात अन्वयाला कोठेही अडथळा नाही. कावळे आहेत, दही आहे, राखणाराही आहे. तरीसुद्धा कुत्र्याने येऊन दही खाल्ले आणि राखणारा 'मला कावळेच सांगितले होते' म्हणून स्वस्थ बसला, तर त्याने आज्ञा पाळली असे कोणी म्हणणार नाही. येथे बाधित झाले ते तात्पर्य. तात्पर्याची अनुपपत्ती हेच लक्षणेचे खरे बीज, असे नागेशभट्टांनी मानले त्याचे मर्म या साध्या उदाहरणात आहे. पालि साहित्याच्या वाचकांना अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातातील नीतत्थ व नेय्यत्थ हा भेद या ठिकाणी आठवेल. ज्याचा अर्थ सरळ आहे ते सुत्त अर्थ लावून घ्यावयाचे समजणे आणि ज्याचा अर्थ लावून घ्यावयाचा आहे ते सरळ समजणे, हे दोन्ही तेथे सारखेच दोषास्पद ठरविले आहे. मात्र कोणते सुत्त कोणत्या वर्गात घालावे याची यादी तेथे दिलेली नाही. बायबलच्या भाष्यकारांपुढेही अशी यादी नव्हती.

अलेक्झांड्रियाचा ओरिजेन (सुमारे १८५-२५४) हा या परंपरेतील पहिला मोठा शास्त्रकार. होमरच्या काव्यातील देवांच्या लज्जास्पद कथांना रूपकात्मक अर्थ लावण्याची रीत ग्रीक पंडितांनी आधीच रूढ केली होती, आणि अलेक्झांड्रियातीलच यहुदी तत्त्वज्ञ फायलो याने ती मोशेच्या ग्रंथांना लावली होती. ओरिजेनने तिला सिद्धान्ताचे रूप दिले. 'मूलतत्त्वांविषयी' या ग्रंथाच्या चौथ्या भागात तो विचारतो की, सूर्य आणि चंद्र निर्माण होण्यापूर्वी पहिला, दुसरा व तिसरा दिवस झाला तरी कसा? देवाने एखाद्या शेतकऱ्याप्रमाणे बाग लावली, हे कोणता समंजस मनुष्य शब्दशः मानील? त्याचे उत्तर असे की, वाचकाला ठेच लागावी आणि त्याने खोल अर्थाकडे वळावे म्हणून अशा अशक्य गोष्टी धर्मग्रंथात हेतुपुरस्सर पेरलेल्या आहेत. मुख्यार्थबाधाचे याहून नेमके निरूपण एखाद्या आलंकारिकालाही करता आले नसते.

याच ओरिजेनविषयी युसेबिअसने एक वृत्त नोंदविले आहे. स्वर्गराज्यासाठी षंढ होणाऱ्यांविषयीचे मत्तयाच्या १९ व्या अध्यायातील वचन तारुण्यात अक्षरशः घेऊन त्याने स्वतःवर शस्त्र चालविले, असे ते वृत्त आहे. काही आधुनिक अभ्यासक त्यावर विश्वास ठेवीत नाहीत. उतारवयात मत्तयावर भाष्य लिहिताना त्याने त्या वचनाच्या अक्षरार्थाचा निक्षून निषेध केला, एवढे मात्र निश्चित. वृत्त खरे असेल तर अक्षरार्थाची किंमत इतक्या प्रत्यक्षपणे मोजलेला दुसरा भाष्यकार सापडणे कठीण.

अँटिओकच्या भाष्यकारांना, विशेषतः तार्ससचा दियोदोर आणि मोप्सुएस्टियाचा थिओडोर यांना, ही पद्धत मान्य नव्हती. रूपकाच्या नादात घडलेली गोष्ट घडलीच नाही असे होऊन बसते, हा त्यांचा आक्षेप होता. वरवर पाहता तो रुक्ष वाटतो. परंतु हागारची कथा घ्या. अब्राहामाच्या घरातील ही मिसरी दासी गर्भवती असताना धनिणीच्या जाचाला कंटाळून अरण्यात पळते. पुढे मुलासह घराबाहेर काढली जाते. मसकेतील पाणी संपल्यावर मूल मरताना पाहवणार नाही म्हणून त्याला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते. पौल गलतीकरांस लिहिताना या हागारला सीनाय पर्वतावरील कराराचे प्रतीक करतो आणि धनीण सारा हिला स्वर्गीय यरुशलेमशी जोडतो. अँटिओक परंपरेतलाच योहान क्रिसोस्तोम याला येथे, 'रूपक' हा शब्द पौलाने सैलपणे वापरला आहे, असा खुलासा करावा लागला. त्याची अडचण परिभाषेची होती. आजच्या वाचकाला जाणवणारी अडचण निराळी आहे : दोन करारांच्या त्या मांडणीत हागारची तहान कोठेच उरत नाही. लाक्षणिक अर्थ हा नेहमीच सौम्य किंवा दयाळू असतो, या समजुतीला पहिला तडा येथेच जातो.

ऑगस्टीन (३५४-४३०) याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तारुण्यात तो मानी पंथाच्या प्रभावाखाली होता आणि त्या पंथाचे लोक जुन्या करारातील कथांची टिंगल करीत. मिलान येथे बिशप अँब्रोझ याची प्रवचने ऐकताना त्या कथांचा लाक्षणिक अर्थ लावता येतो हे त्याला कळले आणि त्याच्या मार्गातील मोठी धोंड दूर झाली. पुढे उत्पत्तीच्या आरंभीच्या अध्यायांवर त्याने पुन्हा पुन्हा लिहिले. त्यांतील सर्वांत मोठा, बारा भागांचा ग्रंथ त्याने ४०१ ते ४१५ च्या सुमारास रचला आणि त्याला 'उत्पत्तीचा अक्षरार्थ' असे नाव दिले. नावावरून जी अपेक्षा होते तिच्या नेमके उलट ग्रंथात आढळते. सृष्टीचे दिवस हे सूर्याने मोजलेले दिवस नव्हेत. सर्व काही एकाच क्षणी निर्माण झाले. सहा दिवसांचा क्रम हा देवदूतांच्या ज्ञानातील क्रम आहे, असे तो प्रतिपादन करतो. मग याला अक्षरार्थ का म्हणावयाचे? ऑगस्टीनच्या लेखी अक्षरार्थ म्हणजे जे वस्तुतः घडले त्याचे कथन, आणि रूपकार्थ म्हणजे पुढे घडावयाच्या गोष्टींची सूचना. 'अक्षरार्थ' या शब्दाचाच अर्थ दर शतकात पालटत गेला आहे, हे ध्यानात न घेता या वादाविषयी लिहिणारे लेखक दोन्ही पक्षांत आहेत.

येथे एक पाठचिकित्सेचा मुद्दा नोंदविण्याचा मोह आवरत नाही. सर्व सृष्टी एकाच वेळी निर्माण झाली, या मतासाठी ऑगस्टीन सीराखाच्या ग्रंथातील एका वचनाचा (१८.१) आधार घेतो. त्याच्यापुढील लॅटिन भाषांतरात 'एकाच वेळी' असा अर्थ देणारे क्रियाविशेषण आहे. ज्या ग्रीक पाठावरून ते भाषांतर झाले त्यातील शब्दाचा रोख काळावर नाही. 'सर्व मिळून', 'सरसकट' असा तो आहे. प्राचीन काळच्या एका श्रेष्ठ बुद्धीने उभारलेला सिद्धान्त भाषांतरातील एका अव्ययावर काही अंशी टेकलेला आहे. मूळ भाषा न शिकता धर्मग्रंथांवर मते देणाऱ्या आपणा सर्वांनाच हे उदाहरण पुरेसे असावे.

तथापि ऑगस्टीनचे खरे योगदान दुसऱ्या ग्रंथात आहे. ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो असा नियम घालून देतो की, जे वचन सदाचाराशी किंवा श्रद्धेच्या सत्याशी जुळत नाही ते लाक्षणिक समजावे. आणि सर्व वचनांचे पर्यवसान देवावरील व शेजाऱ्यावरील प्रेमात झाले पाहिजे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर त्याने अन्वयानुपपत्तीच्या पलीकडे जाऊन तात्पर्यानुपपत्तीला बाधकाचा दर्जा दिला. नियम थोर आहे. तो चालविणारा कोण, हे मात्र त्यात सांगितलेले नाही, आणि पुढील पंधरा शतकांचा घोळ या रिकाम्या जागेत आहे. मध्ययुगातील चार प्रकारच्या अर्थांच्या वर्गीकरणाकडे येथे वळण्याचे कारण नाही. थॉमस अक्विनासने देवाच्या बाहूविषयी बोलताना, बाहू या शब्दाने सूचित होणारे सामर्थ्य हाच तेथील अक्षरार्थ होय, असे सांगून रूपकालाही अक्षरार्थातच सामावून घेतले, एवढे नमूद केले म्हणजे पुरे.

आता यहोशवाच्या सूर्याकडे वळू. डिसेंबर १६१३ मध्ये पिसा येथे तुस्कनीच्या राजघराण्याच्या पंक्तीला गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली उपस्थित होता. राजमाता क्रिस्टिना हिने त्याला विचारले की, पृथ्वी फिरते आणि सूर्य स्थिर आहे असे मानले तर यहोशवाच्या ग्रंथातील चमत्काराची वाट काय? या प्रश्नाला गॅलिलिओने कास्तेल्लीला लिहिलेल्या पत्रात उत्तर दिले आणि १६१५ मध्ये ते विस्ताराने थेट क्रिस्टिनाला उद्देशून लिहिले. हे दुसरे पत्र बायबलच्या अर्थनिर्णयावरील एक अभिजात निबंध मानले जाते. ते तसे आहेच. परंतु त्याची जितकी स्तुती झाली तितकी चिकित्सा झालेली नाही.

मूळ स्थळ यहोशवाच्या दहाव्या अध्यायात आहे. अमोऱ्यांशी युद्ध चालू असताना यहोशवा सूर्याला गिबोनावर आणि चंद्राला अयालोनाच्या खोऱ्यावर थांबण्याची आज्ञा करतो. हा आज्ञेचा भाग पद्यात आहे, आणि तो याशारच्या ग्रंथातून घेतल्याचे तेथेच नमूद केलेले आहे. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. सूर्याला उद्देशून वापरलेल्या हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ गप्प होणे, निश्चल होणे असा आहे. वीरकाव्यातल्या एका उद्गाराभोवती नंतरच्या गद्यकाराने कथानक विणले, असे समजण्यास पुष्कळ जागा आहे. गॅलिलिओ आणि त्याचे प्रतिपक्षी दोघेही त्या पद्याकडे पद्य म्हणून पाहत नाहीत. दोघांनाही त्यातून खगोलशास्त्र काढावयाचे आहे.

पत्राचा बराच मोठा भाग ऑगस्टीनच्या आधारे चालतो. धर्मग्रंथ सामान्य जनांच्या बुद्धीला झेपेल अशा भाषेत बोलतो. निसर्ग आणि ग्रंथ ही दोन्ही एकाच ईश्वराची असल्याने त्यांत खरा विरोध संभवत नाही. म्हणून निसर्गाविषयी जे सप्रमाण सिद्ध झाले त्याला अनुसरून ग्रंथाचा अर्थ लावावा. इथपर्यंत भूमिका स्वच्छ आहे. परंतु पत्राच्या अखेरीस गॅलिलिओ एकाएकी पवित्रा बदलतो. तो म्हणतो की, टॉलेमीच्या व्यवस्थेत सूर्याची स्वतःची गती पश्चिमेकडून पूर्वेकडे असते; ती थांबविली तर दिवस लांबणार नाही, उलट किंचित तोकडा होईल. दिवस लांबविण्यासाठी थांबवावे लागेल सर्वांत बाहेरचे आकाशगोल. याउलट सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे सौर डागांवरून दिसून आले आहे, आणि ग्रहांच्या गतीचे मूळही बहुधा त्याच्याच फिरण्यात आहे. तेव्हा कोपर्निकसच्या व्यवस्थेत सूर्य थांबला म्हणजे सारेच थांबेल आणि यहोशवाची आज्ञा अक्षरशः खरी ठरेल. ग्रंथातून खगोलशास्त्र काढू नये असे सांगत आलेला मनुष्य शेवटी प्रतिपक्षापेक्षा अधिक अक्षरनिष्ठ होऊन उभा राहतो.

डावपेच म्हणून हे चातुर्याचे आहे. पद्धती म्हणून आत्मघातकी. अक्षरार्थ जिंकल्याचा आनंद घेणाऱ्याला अक्षरार्थाचे प्रामाण्य आधी मान्य करावे लागते. शिवाय सप्रमाण सिद्ध झालेल्या गोष्टीपुढेच ग्रंथाचा अर्थ वाकवावा, असे म्हटल्यावर सिद्ध करण्याचा भार गॅलिलिओवर आला, आणि भरती-ओहोटीच्या आधारे त्याने मांडलेली सिद्धता चुकीची होती.

कार्डिनल बेलार्मिनो याने १२ एप्रिल १६१५ रोजी फोस्कारिनी या मठवासी लेखकाला लिहिलेल्या पत्रात नेमकी हीच जागा धरली. सूर्य स्थिर असल्याचे खरोखर सिद्ध झाले तर विरुद्ध दिसणाऱ्या वचनांचा अर्थ मोठ्या सावधपणे लावावा लागेल, आणि सिद्ध झालेले खोटे आहे असे म्हणण्यापेक्षा आम्हांला वचन समजले नाही असे म्हणावे लागेल, हे तो मान्य करतो. मात्र अशी सिद्धता आपल्याला कोणी दाखविलेली नाही, असेही तो बजावतो. बेलार्मिनोला अडाणी समजणाऱ्यांनी हे पत्र वाचावे. त्याचा दोष अन्यत्र आहे. तो म्हणतो की, अब्राहामाला दोन आणि याकोबाला बारा पुत्र होते, हे नाकारणेही पाखंडच. कारण विषय श्रद्धेचा नसला तरी वक्ता पवित्र आत्मा आहे. म्हणजे प्रत्येक वाक्य वक्त्यामुळे समान वजनाचे झाले आणि बाध मान्य करण्याची किल्ली धर्मसत्तेच्या कमरेला राहिली. १६१६ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्तीपर्यंत स्थगित झाला. १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली. पृथ्वीच्या भ्रमणामुळे ताऱ्याच्या स्थानात दिसणारा फरक बेसेलने मोजला तो १८३८ मध्ये. त्याच्या तीन वर्षे आधी, १८३५ च्या आवृत्तीत, निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतून कोपर्निकसचे नाव गळले होते. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, तत्कालीन धर्मशास्त्र्यांची चूक झाली, असे जाहीरपणे मान्य केले. अमेरिकेत १९२५ च्या डेटन येथील खटल्यात अक्षरार्थाचा कैवारी म्हणून उभा राहिलेल्या ब्रायनलाही उलटतपासणीत यहोशवाच्या सूर्याविषयी विचारले गेले, आणि सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, हे त्याने कबूल केले. सूर्याचा प्रश्न अशा रीतीने, उशिरा का होईना, बहुतेकांपुरता निकालात निघाला. बाध प्रत्यक्षाचा होता. दुर्बिणीतून कोणालाही तो पाहता येत होता.

परंतु अन्वय पूर्णपणे जुळतो आणि बाध फक्त तात्पर्याचा आहे, तेथे काय होते? लूकच्या १४ व्या अध्यायातील मेजवानीच्या दृष्टांतात धनी आपल्या दासाला, रस्त्यावरील लोकांना आग्रहाने आत येण्यास भाग पाड, असे सांगतो. हा दृष्टांत, म्हणजे उघड उघड रूपक. ऑगस्टीनने दोनातुस पंथीयांविरुद्ध राजसत्तेचे बळ वापरण्याच्या समर्थनार्थ तो उद्धृत केला. प्रेमाचा नियम घालून देणाराच येथे जबरदस्तीला प्रेमाचा प्रकार ठरवितो. फ्रान्समध्ये १६८५ साली प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य रद्द झाले, तेव्हा याच वचनाचा पुन्हा उपयोग झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पिएर बेल या तत्त्वज्ञाचा भाऊ धर्मापायी कारागृहात मरण पावला, आणि पुढील वर्षापासून बेलचा या एकाच वचनावरील ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. ज्या अक्षरार्थातून गुन्हा करण्याचे कर्तव्य निष्पन्न होते तो अर्थ खोटा, हा त्याचा सिद्धान्त. ऑगस्टीनचाच नियम त्याने ऑगस्टीनविरुद्ध वापरला. फरक एवढाच की, बाध ठरविण्याचा अधिकार त्याने माणसाच्या सदसद्विवेकाकडे दिला.

या सिद्धान्ताची खरी कसोटी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत लागली. गुलामगिरीचे समर्थक हे बायबलचे अडाणी वाचक नव्हते. लेवीय २५ मध्ये परकीय जातींतून दास विकत घेण्याची व ते वारसांना देण्याची मुभा आहे. इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत दासांना धन्याच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश आहे. फिलेमोनाच्या पत्रात पौल अनेसिम या दासाला धन्याकडे परत पाठवितो. थॉर्नटन स्ट्रिंगफेलो या व्हर्जिनियातील बाप्तिस्त धर्मोपदेशकाने १८४१ मध्ये अशा स्थळांची पद्धतशीर मांडणी केली. १८४५ मध्ये रिचर्ड फुलर आणि फ्रान्सिस वेलँड यांचा पत्ररूप वाद प्रसिद्ध झाला. देवाने जुन्या करारात ज्याला मान्यता दिली आणि नव्या करारात जे चालू दिले ते पाप असू शकत नाही, हा फुलरचा युक्तिवाद. त्याच वर्षी दक्षिणेतील बाप्तिस्तांनी या प्रश्नावरून स्वतंत्र संघटना स्थापिली. तिने या भूतकाळाबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे अक्षरनिष्ठ लोक सोयीपुरतेच अक्षरनिष्ठ होते. नोहाच्या शापाचे त्यांचे लाडके स्थळ (उत्पत्ती ९) पाहा. शाप हामला नाही, त्याचा पुत्र कनान याला आहे. रंगाचा उल्लेख कोठेही नाही. आणि पुढच्याच अध्यायात हामच्या पुत्रांत कूश व मिसर हे कनानहून वेगळे मोजलेले आहेत. या शापाचे धनी आफ्रिकेतील कृष्णवर्णीय आहेत, हा अर्थ अक्षरात नाहीच. ती मुख्यार्थबाध नसताना केलेली लक्षणा आहे. उलट माणूस पळवून विकणाऱ्याला मृत्युदंड (निर्गम २१) आणि पळून आलेल्या दासाला धन्याच्या स्वाधीन न करण्याची आज्ञा (अनुवाद २३) ही दोन्ही वचने अक्षरशः घेण्यास कसलाच अडथळा नव्हता.

या संदर्भात मोझेस स्टुअर्ट यांचे उदाहरण पंडितीपेशातील प्रत्येकाने विचारात घ्यावे असे आहे. अँडोव्हर येथील हे अध्यापक त्या काळी अमेरिकेतील हिब्रूचे अग्रगण्य जाणकार होते. गुलामगिरी अनिष्ट आहे, असे त्यांचे मत होते. पळालेले गुलाम परत करण्याच्या कायद्याचा वाद १८५० मध्ये पेटला तेव्हा त्यांनी अनुवाद २३ मधील आज्ञेची चिकित्सा केली आणि ती परदेशी, परधर्मीय धन्याकडून पळून आलेल्या दासापुरतीच आहे, असा निर्णय दिला. संदर्भ, शब्दप्रयोग, सामाजिक परिस्थिती हे सर्व त्यांनी तपासले होते. त्या निर्णयाच्या दुसऱ्या टोकाला रात्रीच्या अंधारात उत्तरेकडे चालणारी माणसे होती. कावळ्यांपासून दही राखण्याची आज्ञा त्यांनी तंतोतंत पाळली. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य शब्दांचे अर्थ ठरविण्यात गेले आहे, आणि स्टुअर्ट यांच्या पद्धतीत नेमकी चूक कोठे आहे, हे दाखविणे त्याला अजूनही सोपे वाटत नाही.

गुलामगिरीच्या विरोधकांनीही भाषाशास्त्राचा आश्रय घेतला. थिओडोर वेल्ड यांनी १८३७ मध्ये, मोशेच्या नियमशास्त्रातील दास्य हे अमेरिकन गुलामगिरीसारखे नव्हतेच, असे प्रतिपादन केले. हेतू उदात्त होता; मात्र लेवीय २५ सारख्या स्थळांपुढे ही बाजू लंगडी पडे, आणि प्रतिपक्षाला ते ठाऊक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या, लाहोर येथे न होऊ शकलेल्या भाषणात, शास्त्रांचा व्याकरणशुद्ध अर्थ वेगळाच आहे असे सांगत बसण्यात हशील नाही, लोक त्यांचा काय अर्थ समजतात यालाच महत्त्व आहे, असे निक्षून सांगितले आहे. विषय निराळा असला तरी वेल्ड यांच्या ग्रंथाची मर्यादा याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

भाषांतरांनी या गोंधळात आपली भर घातली आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने पौलाच्या पत्रांतील दासवाचक ग्रीक शब्दासाठी चाकर या अर्थाचा शब्द योजून त्याची धार बोथट केली. मराठी बायबलांत येथे 'दास' हा शब्द रूढ आहे. शब्द कोशानुसार अचूक आहे. परंतु संतवाङ्मयाने मराठीत त्याला भक्तीचा सुगंध दिला असल्याने वाचकाच्या डोळ्यांपुढे बाजार उभा राहत नाही. पालि विनयात घरी जन्मलेला, धन देऊन घेतलेला आणि युद्धात धरून आणलेला असे दासाचे प्रकार सांगितले आहेत. पौलाच्या वाचकांना त्याचा शब्द ऐकू आला असेल तो असा.

आणि आता हागारच्या उलट बाजूचे उदाहरण. मिसर देशातून इस्राएलाची सुटका ही निर्गमाची कथा ओरिजेनने आत्म्याच्या पापातून सुटकेचे रूपक म्हणून समजाविली : मिसर म्हणजे संसार, फारो म्हणजे सैतान. धन्यांच्या दृष्टीने हा अर्थ निर्धोक होता. मळ्यांवरील गुलामांनी तो घेतला नाही. त्यांच्या लेखी मिसर म्हणजे ते राबत होते ती जमीन आणि फारो म्हणजे तिचा मालक. हॅरिएट टबमन या पळून सुटलेल्या स्त्रीने परत परत जाऊन अनेकांना सोडविले, तेव्हा लोक तिला मोशे म्हणू लागले. याला अक्षरार्थ म्हणावे की लक्षणा, हे मला ठरविता येत नाही. धन्यांना मात्र त्यातील धोका बरोबर कळला होता. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलमधील निवडक भाग १८०७ मध्ये लंडन येथे छापण्यात आले, त्यांत मिसरातून सुटकेची कथा वगळलेली आहे. दासांनी आज्ञेत राहावे, हा उपदेश ठेवलेला आहे. अर्थ लावण्याचा वादच नको, म्हणून पानेच काढून टाकली.

पाने गाळण्याचे आणखी एक उदाहरण धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात दिले आहे. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मली होती. तिला लिहिता-वाचता येत नसे, म्हणून लहानपणी तिला बायबल वाचून दाखविण्याचे काम नातवाकडे होते. स्तोत्रे, यशया, शुभवर्तमाने ती पुन्हा पुन्हा वाचावयास सांगे. पौलाची पत्रे मात्र वाचू देत नसे. मोठेपणी त्यांनी भीतभीत कारण विचारले. तिने सांगितले की, गुलामीच्या दिवसांत धन्याचा गोरा धर्मोपदेशक अधूनमधून प्रवचनाला येई आणि दर वेळी पौलाच्याच पत्रातील, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे वचन घेई. कधी काळी स्वातंत्र्य मिळाले आणि वाचता येऊ लागले तर बायबलचा तेवढा भाग वाचावयाचा नाही, असे वचन तिने तेव्हाच देवाला दिले होते. त्या पत्रांपैकी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील प्रेमाविषयीचा तेरावा अध्याय तेवढा, तोही क्वचित, ती वाचू देत असे.